मोदिल्यानी: गाव डोंगरात, आडनाव बंदरात

केतकी

लांब मानेच्या, बाहुल्या नसलेल्या बदामी डोळ्यांच्या बायका रंगवणारा आमेदेओ मोदिल्यानी आपल्याकडे चित्रकला शिकणाऱ्यांना चांगला ठाऊक असतो. अर्थशास्त्रवाल्यांना फ्रांको मोदिल्यानी आठवतील. माणूस कमावत्या वयात साठवतो आणि उतारवयात ती साठवण मोडून खातो, या निरीक्षणावर त्यांनी सिद्धांत उभा केला. १९८५ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आडनाव असं गाजलेलं असलं तरी इटलीत ते विरळाच. रॉस्सी, रुस्सो, फेर्रारी पावलोपावली भेटतात, मोदिल्यानी तसे भेटत नाहीत.

मी रोमान्या भागात फाएन्झाला राहते. इथून मार्झेनो नदीच्या काठाकाठाने डोंगराकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर मोदिल्याना लागतं. आडनाव पडलं ते या गावावरून. वस्ती चार-साडेचार हजार. इबोला, त्रामाझ्झो आणि आचेर्रेता हे तीन ओढे गावाशी एकत्र येतात आणि त्यांची मार्झेनो होते. वर टेकडीवर ग्वीदी सरदारांच्या गढीचा बुरूज आहे. तो अर्धा कोसळलेला आहे, त्यामुळे त्याची आतली बाजू खालच्या रस्त्यावरून उघडी दिसते. मे २०२३ च्या अतिवृष्टीत या खोऱ्यात दरडी कोसळून अतोनात नुकसान झालं.

गाव आपल्या माणसांना विसरलेलं नाही. चित्रकार सिल्वेस्त्रो लेगा इथला, जन्म १८२६. ज्योव्हान्नी वेरिता हे पाद्रीही इथलेच. १८४९ मध्ये रोमचं प्रजासत्ताक पडल्यावर ऑस्ट्रियाच्या फौजा गारिबाल्दीच्या मागावर होत्या, तेव्हा त्यांनी त्याला लपवलं आणि पुढे वाट काढून दिली. पण नाव काढलेले मोदिल्यानी बघा: आमेदेओ लिवोर्नोचा (१८८४). त्याचा थोरला भाऊ, समाजवादी खासदार जुझेप्पे एमानुएले, तोही लिवोर्नोचा (१८७२). सुमात्रा बेटावर फिरलेले एलिओ फ्लॉरेन्सचे (१८६०). फ्रांको रोमचे (१९१८). एकही मोदिल्यानाचा नाही.

असं का, हे समजून घेताना मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या.

पहिली आपल्याला सवयीची आहे. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? तिथे सगळेच त्या गावचे. माणूस बाहेर पडला की नव्या ठिकाणचे लोक त्याला 'तो अमक्या गावचा' म्हणू लागतात आणि पुढच्या पिढ्यांना ते चिकटतं. म्हणजे गावावरून पडलेलं आडनाव गावात जन्मतच नाही.

दुसरी गोष्ट जास्त कडू आहे. हे सगळे मोदिल्यानी ज्यू. मध्ययुगात चर्चने ख्रिस्ती माणसाला व्याज घ्यायला मनाई केली होती. पैशाची नड तर सगळ्यांनाच, शेतकऱ्याला पेरणीला आणि गावकीला तटबंदीला. म्हणून मध्य इटलीतली लहान लहान गावं ज्यू सावकाराला बोलावून घेत आणि त्याच्याशी रीतसर करार करत. त्या कराराला 'कोंदोत्ता' म्हणत. मुदत किती वर्षांची, व्याजाचा दर जास्तीत जास्त किती, तारण ठेवलेली वस्तू किती काळ सांभाळायची, घर कुठे, दफनाला जागा कुठे, प्रार्थना कुठे करायची, सगळं त्यात लिहिलेलं असे. एखाद्या गावात ज्यू म्हणजे तेवढं एकच घर असायचं. सावकार, त्याची बायकामुलं, भाऊबंद, नोकर, कधी मुलांना शिकवायला एखादा शिक्षक. मुदत संपली किंवा गावाची मर्जी फिरली की बिऱ्हाड हललं. पुढे फ्रान्सिस्कन साधूंनी गरिबांसाठी गहाणपेढ्या काढायला सुरुवात केली, पेरूजाची १४६२ ची. त्यामागे ज्यू सावकाराला गावातून उठवायचा हेतूही होता.

मग सोळावं शतक आलं. १५५५ मध्ये पोप पॉल चौथा याने रोमच्या ज्यूंना घेट्टोच्या भिंतीआड कोंडलं. १५६९ मध्ये पोप पायस पाचवा याने आपल्या राज्यातून, रोम आणि आंकोना वगळता, ज्यूंना हाकलून दिलं. मोदिल्याना पोपच्या राज्याला अगदी लागून होतं, पण अंमल फ्लॉरेन्सचा. म्हणून ते वाचलं का? नाही. त्याच १५६९ साली याच पोपने कोझिमो दे मेदिचीला 'ग्रँड ड्यूक' ही पदवी दिली. १५७० मध्ये कोझिमोने आपल्या राज्यातले सावकारीचे करार रद्द केले, गावोगावच्या ज्यूंना बाहेर काढलं आणि १५७१ मध्ये फ्लॉरेन्समध्ये घेट्टो उभा केला. राज्यात राहायचं तर तिथे.

वीस वर्षांनी त्याच घराण्यातला फेर्दिनांदो पहिला याने उलटा डाव टाकला. त्याला लिवोर्नोचं बंदर वाढवायचं होतं. १५९१ आणि १५९३ च्या सनदांनी त्याने सगळ्या देशांच्या व्यापाऱ्यांना बोलावलं, ज्यूंना नाव घेऊन बोलावलं. धर्मासाठी छळ नाही, मालमत्तेला संरक्षण आणि घेट्टो नाही. पुढची तीनशे वर्षं लिवोर्नो हे इटलीतलं ज्यूंचं सगळ्यात मोकळं शहर होतं.

आता नकाशावर फ्लॉरेन्स, रोम आणि लिवोर्नो बघा. मोदिल्यानी तिथे आहेत कारण या हुकुमांनी त्यांना तिथे नेलं. आडनावांचे नकाशे बघून 'मूळ इथलं दिसतंय' असं म्हणणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. अशा आडनावाच्या बाबतीत नकाशा सांगतो तो हुसकावल्याचा इतिहास.

अशी आणखी आडनावं कुणाच्या माहितीत असतील तर जरूर लिहा.

चौकस

केतकी, वाचून भारी वाटलं. मूळ स्पेलिंगमध्ये 'जी' दिसतो म्हणून आपल्याकडे कितीतरी जण 'मोडिग्लियानी' म्हणतात. 'ग्लि'चा उच्चार इटालियनमध्ये 'ल्यि', त्यामुळे मोदिल्यानीच बरोबर.

एक शंका. इटलीत शहराचं नाव आडनाव म्हणून असेल तर तो माणूस ज्यू, असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय. हे कितपत खरं? आणि इतिहासकार आर्नाल्दो मोमिल्यानो आहेत ना, ते याच आडनावाचं दुसरं रूप का?

केतकी

@चौकस, पहिलं अजिबात खरं नाही, आणि या गैरसमजाने इटलीत माणसांचं आयुष्य नासलेलं आहे. मेस्सिना, रोमानो, जेनोवेझे, कालाब्रेझे, पुल्येझे ही साधी ख्रिस्ती घरांतली आडनावं. 'लोम्बार्दो' म्हणजे लोम्बार्दीचा, पण हे आडनाव सगळ्यात जास्त आढळतं सिसिलीत. उत्तरेकडून माणसं तिथे जाऊन वसली आणि तिथल्यांनी त्यांना तसं म्हटलं. नियम सगळ्यांना सारखाच.

ज्यूंच्या बाबतीत फरक आहे तो प्रमाणात. वरचेवर उठावं लागल्यामुळे गावाची आडनावं त्यांच्यात फार. रोमच्या घेट्टोतली नावं घ्या. पिपेर्नो, सेर्मोनेता, तेर्राचिना, दी वेरोली, दी सेन्यी. ही सगळी रोमच्या दक्षिणेची लहान गावं, आज एसटीने हिंडून यावं इतक्या अंतरात. १५६९ नंतर तिथली बिऱ्हाडं रोमच्या भिंतीआड आली. (पिपेर्नो गावाला आता प्रिवेर्नो म्हणतात, जुनं नाव आडनावात राहिलं.) आद्रियातिक समुद्राकडच्या बाजूला तसंच रेकानाती, पेझारो, फानो.

मोमिल्यानो वेगळे. ते आल्प्सपलीकडचे. सावोय प्रांतात मोंमेलियां नावाचं गाव आहे, त्यावरून. आर्नाल्दो जन्मले पीएमोंतेतल्या काराल्योत, १९०८ मध्ये. पीएमोंतेत असे परदेशी गावांचे बरेच. फ्रान्समधल्या फ्वाचे 'फोआ', जर्मनीतल्या एटलिंगेनचे 'ओत्तोलेंगी'.

दर्यावर्दी

केतकीताई, तुम्ही लिवोर्नोला थांबलात. हे आडनाव तिथून नाही, पण दुसऱ्या वाटेने बरंच पुढे गेलंय.

सोळाव्या शतकात इटलीतून बाहेर पडलेल्या ज्यूंपैकी कित्येक ऑटोमन मुलखात गेले, तिथे सुलतानाला ते हवे होते. सालोनिका (आजच्या ग्रीसमधलं थेस्सालोनिकी) तेव्हा ज्यूंचं मोठं शहर होतं. रस्त्यात, बंदरात, बाजारात स्पेनमधून आलेल्यांची लादिनो भाषा चाले, आणि शनिवारी बंदर बंद. तिथे एक घराणं 'मोदिल्यानो' म्हणून नोंदलेलं आहे. त्याचा वंशवृक्ष सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मागे नेता येतो. लादिनो बोलणाऱ्यांच्या तोंडी त्यातला 'ल' गळाला आणि झालं 'मोदियानो'.

होय, २०१४ चं साहित्याचं नोबेल मिळालेले फ्रेंच कादंबरीकार पात्रिक मोदियानो याच नावाचे. वडिलांच्या बाजूने घराणं सालोनिकाचं. म्हणजे एका डोंगरी गावाच्या नावावर दोन नोबेल.

सालोनिकाला गेलात तर भर शहरात 'मोदियानो बाजार' आहे. १९१७ च्या प्रचंड आगीत जुनं शहर जळालं, त्यानंतर नव्याने शहर उभारलं तेव्हा, १९२०च्या दशकात, वास्तुरचनाकार एली मोदियानो यांनी हा बांधला. छत काचेचं, खाली मासळी, ऑलिव्ह, मसाले. आणि त्रिएस्ते बंदरात सालोनिकाहून आलेल्या साउल मोदियानोने १८६८ मध्ये सिगारेटच्या कागदाचा धंदा काढला, पुढे त्याच कारखान्यात पत्ते छापायला लागले. पत्ते खेळणाऱ्यांच्या हातात हे नाव अजून असतं.

१९४३ मध्ये नाझींनी सालोनिकाचे चाळीस हजारांहून जास्त ज्यू आउशविट्झला नेले. शहराचा तो भाग संपलाच. इटलीचे तिथले वाणिज्यदूत ग्वेल्फो झाम्बोनी यांनी इटालियन नागरिकत्वाचे दाखले देऊन काही शे माणसं वाचवली. शेकडो वर्षांपूर्वी इटलीतून उठून आलेल्यांच्या वंशजांना इटलीच्या कागदाने वाचवलं, आणि तेही खुद्द इटलीत ज्यूविरोधी कायदे लागू असताना. हे मला कधीच नुसतं वाचून पुढे जाता येत नाही.

शेवंती

सुंदर धागा. वाचताना सारखे आपले कोकणातले ज्यू, बेने इस्राएल, आठवत होते. अलिबाग-पेण-रोह्याच्या पट्ट्यात शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनवार तेली'. आडनावं बघा: नवगावकर, किहीमकर, रोहेकर, पेणकर, अष्टमकर, झिराडकर. घरात हिब्रू प्रार्थना, बोली मराठी, आडनाव गावाचं. इस्राएलला गेल्यावरही कित्येकांनी 'कर' सोडला नाही, आणि तिथून 'मायबोली' नावाचं मराठी मासिकही निघायचं.

मोदिल्यानीत जो 'ई' आहे तोच आपल्याकडचा 'कर'.

चौकस

शेवंती, तुलना आवडली पण पूर्ण पटली नाही. कोकणात कुणी हुकूम काढून ज्यूंना गावाबाहेर काढलं नाही. किहीमकर किहीमच्या बाहेर गेले असतील तर आपण होऊन, पोटापाण्यासाठी. शिवाय 'कर' शेजारच्या आगऱ्यांना, कोळ्यांना, ब्राह्मणांनाही होता, म्हणजे तो सगळ्या मुलखाचा रिवाज. मोदिल्यानाच्या शेजारच्या ख्रिस्ती शेतकऱ्याला असं आडनाव पडलं नाही, कारण त्याला कुणी हलवलं नाही. एका ठिकाणी रिवाज, दुसऱ्या ठिकाणी जबरदस्ती. एकाच तागडीत कसं तोलणार?

शेवंती

@चौकस, जबरदस्तीचा मुद्दा मान्य, आणि तो फरक अभिमानाने सांगावा असाच आहे. मी म्हणतेय ते नाव कुठे पक्कं होतं त्याबद्दल. सामुएल दिवेकरांचं उदाहरण घ्या. कंपनी सरकारच्या फौजेत होते, टिपूशी झालेल्या लढाईत कैद झाले, सुटून आले आणि १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक त्यालाही मशीदच म्हणत. मस्जिद बंदरचं नाव त्यावरून पडलं असं सांगतात. 'दिवेकर' हे नाव कागदोपत्री उमटलं ते पलटणीच्या हजेरीपटात आणि मुंबईच्या व्यवहारात. गावात बापाच्या नावाने काम भागत होतं.

दर्यावर्दी

दोघांचंही बरोबर आहे. लिवोर्नोचा आपल्या किनाऱ्याशी एक थेट धागा आहे, तो इथेच नोंदवतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिवोर्नोची एर्गास आणि सिल्वेरा ही ज्यू पेढी भूमध्य समुद्रातली पोवळी लिस्बनमार्गे गोव्याला पाठवायची. घेणारे गोव्याचे सारस्वत व्यापारी, बदल्यात जायचे हिरे. एकमेकांना कधी न भेटलेली, धर्म-भाषा वेगळी असलेली माणसं पत्रांवर हा व्यवहार करत होती. आपल्याकडच्या जुन्या दागिन्यांतली पोवळी कुठून येत, त्याचं हे एक उत्तर.

आणि पोल्ट्रीवाल्यांनो, तुमची व्हाइट लेगहॉर्न कोंबडी म्हणजे लिवोर्नोचीच. इंग्रज त्या बंदराला लेगहॉर्न म्हणत.

रानवाटा

एलिओ मोदिल्यानींचा वर नुसता उल्लेख आलाय, त्यांच्याबद्दल थोडं लिहिल्याशिवाय राहवत नाही. १८८६ मध्ये ते सुमात्राजवळच्या नियास बेटावर गेले, मग तोबा सरोवर, एंगानो, मेंतावाई. सोबत आणलेले नमुने अजून इटलीच्या संग्रहालयांत आहेत.

१८९१ मध्ये त्यांनी उत्तर सुमात्राच्या जंगलात एक सरडा पकडला. नाकावर शिंग असलेला. ज्यांच्याकडे तो नमुना होता त्या विंचिग्वेर्रा यांनी १९३३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं हार्पेसॉरस मोदिल्यानिआय. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही, संपला असंच धरून चालले होते. २०१८ मध्ये तोबा सरोवराजवळ एका इंडोनेशियन अभ्यासकाला मेलेला सापडला आणि पुढे जिवंतही. २०२० मध्ये त्याची रीतसर नोंद प्रसिद्ध झाली. जिवंत असताना तो हिरवाकंच असतो, बाटलीतला नमुना शंभर वर्षांत निळसर झाला होता, त्यामुळे त्याचा खरा रंगच कुणाला माहीत नव्हता.

आडनावाच्या भौगोलिक प्रसाराबद्दल बोलताना तोबाचं जंगल वगळून चालणार नाही.

जुनीवही

केतकी, वर तुम्ही 'आयुष्य नासलं' म्हणालात त्याबद्दल थोडं. १९३८ च्या ऑगस्टमध्ये मुसोलिनीच्या सरकारने ज्यूंची स्वतंत्र शिरगणती केली, शरद ऋतूत वांशिक कायदे आले. शाळा, विद्यापीठं, सरकारी नोकऱ्या, सगळीकडून ज्यू बाहेर. १९३९ च्या जुलैत तर आडनावांवरच कायदा निघाला. धर्म बदललेल्या एखाद्या ज्यूने ख्रिस्ती वाटेल असं आडनाव घेतलं असेल तर त्याने पुन्हा जुनं लावायचं, आणि ज्यांना सरकारने 'आर्य' ठरवलं त्यांना ज्यू वाटणारं आडनाव टाकून द्यायची मुभा. गावाचं नाव आडनावात असणं म्हणजे गळ्यात पाटी असल्यासारखं झालं.

फ्रांको तेव्हा विशीत होते. १९३८ मध्ये पॅरिस गाठलं, १९३९ मध्ये पत्नी सेरेनासह अमेरिका. महायुद्ध सुरू व्हायला तेव्हा काही दिवसच उरले होते.

आणि जुझेप्पे एमानुएले! धाकटा भाऊ चित्रकार म्हणून जगभर गेला, पण या थोरल्याचं मोल कमी नाही. १९२४ मध्ये फॅसिस्टांनी समाजवादी खासदार मातेओत्ती यांचा खून केला, तेव्हा मातेओत्तींच्या पत्नीचे वकील म्हणून हे उभे राहिले. १९२६ मध्ये देश सोडावा लागला, फ्रान्समध्ये दिवस काढले, १९४४ मध्ये परतले. इटलीची राज्यघटना लिहिणाऱ्या सभेत निवडून आले आणि घटना पुरी व्हायच्या आधीच, १९४७ मध्ये गेले. लिवोर्नोचा माणूस.

शमी

आमेदेओबद्दल एक भर घालते. लिवोर्नोत तो ज्यांच्याकडे शिकला ते गुल्येल्मो मिकेली, हे ज्योव्हान्नी फात्तोरींचे शिष्य. फात्तोरी म्हणजे उघड्यावर बसून, उजेड-सावलीच्या सपाट रंगडागांनी चित्र उभं करणाऱ्या 'माक्याओली' चित्रकारांतले मोठे नाव. आणि केतकीने सुरुवातीला ज्यांचं नाव घेतलं ते मोदिल्यानाचे सिल्वेस्त्रो लेगा त्याच गटातले. मोदिल्यानाच्या लेगांनी आणि त्यांच्या मित्रांनी फ्लॉरेन्सच्या परिसरात जी रीत घडवली, त्यात मोदिल्यानी नावाच्या मुलाचा हात तयार झाला. गावाशी त्याचं एवढं नातं तरी नक्की आहे.

आता एक व्यावहारिक प्रश्न. माझ्या नणदेच्या सासरचं आडनाव इटालियन आहे, असंच एका लहान गावाचं. मुलांना मूळ शोधायचंय. सुरुवात कुठून करावी?

केतकी

शमी, लेगा-फात्तोरी-मिकेली ही साखळी इथे मांडलीस, फार छान वाटलं.

शोधाबद्दल. नकाशे दाखवणाऱ्या संकेतस्थळांपासून सुरुवात करू नका. ती बहुतेक दूरध्वनीच्या यादीवर बेतलेली असतात आणि गेल्या शतकातली स्थलांतरंच दाखवतात. घरातला सगळ्यात जुना कागद शोधा, त्यावर गावाचं नाव असेल. मग इटलीच्या सरकारी दफ्तरखान्यांचं 'आन्तेनाती' हे संकेतस्थळ उघडा. जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदवह्यांची पानंच्या पानं तिथे फुकट बघायला मिळतात. संयुक्त इटलीत नागरी नोंदणी सुरू झाली १८६६ मध्ये, वेनेतो आणि रोमकडे १८७१ पासून. बऱ्याच भागांत त्याआधी नेपोलियनच्या काळातल्या वह्याही आहेत. त्यामागे जायचं तर ख्रिस्ती घरांसाठी चर्चच्या वह्या बघायच्या. १५६३ मध्ये त्रेंतोच्या धर्मसभेने लग्न आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी सक्तीच्या केल्या, त्यामुळे तिथवर पोचता येतं. ज्यू घराणं असेल तर चर्चचा उपयोग नाही, त्या त्या शहरातल्या ज्यू समाजाचं दफ्तर पाहावं लागेल. अक्षरं बदलून बदलून शोधा, मोदिल्याना, मोदिल्यानो, मोदियानो हे तर वर आलंच आहे. आणि इटलीत बायका कागदोपत्री माहेरचंच आडनाव लावतात, त्यामुळे आज्या-पणज्यांची घराणीही सहज हाती लागतात.

आडनाव कुठलं ते इथे लिहू नकोस, मला वेगळा निरोप पाठवून कळव. गाव या बाजूचं असेल तर मी तिथल्या नगरपालिकेत विचारून बघते.